नेपाळमधील सात प्रदेश : भौगोलिक रचना आणि शासनव्यवस्था

प्रस्तावना :

संघराज्यातील घटक प्रांतांचा अभ्यास दोन अंगांनी करावा लागतो. प्रांताची भूमी, नद्या, डोंगर, लोकवस्ती आणि दळणवळण हे पहिले अंग होय. त्या भूमीवर प्रांतिक शासनाला प्रत्यक्षात कोणते अधिकार वापरता येतात, हे दुसरे. ही दोन्ही अंगे जेथे परस्परांशी जुळतात तेथे प्रांत हा शासनाचा एक जिवंत स्तर ठरतो. जेथे ती जुळत नाहीत तेथे सीमा नकाशावर राहते आणि निर्णय अन्यत्र होतात.

या दृष्टीने नेपाळचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. २० सप्टेंबर २०१५ रोजी जारी झालेल्या संविधानाने सुमारे अडीच शतके केंद्रीभूत राहिलेल्या या देशाची सात प्रांतांत विभागणी केली. नेपाळच्या संविधानात प्रांतासाठी ‘प्रदेश’ हा शब्द योजलेला आहे, म्हणून पुढील विवेचनातही तोच वापरला आहे. हे प्रदेश कसे आखले गेले, त्यांच्या हाती काय देण्यात आले आणि भूगोलाने निर्माण केलेले प्रश्न सोडविण्यास ते अधिकार पुरेसे आहेत काय, या तीन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूमीची घडण :

नेपाळचे क्षेत्रफळ सुमारे १ लक्ष ४७ हजार चौरस किलोमीटर आहे. पूर्व-पश्चिम लांब आणि दक्षिणोत्तर अरुंद अशा या भूमीत उंचीचा फरक मात्र विलक्षण आहे. दक्षिणेकडील तराईचा काही भाग समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांपेक्षाही कमी उंचीवर आहे, तर उत्तर सीमेवरील सगरमाथा म्हणजे एव्हरेस्ट शिखराची उंची २०२० मध्ये जाहीर झालेल्या मापनानुसार ८,८४८.८६ मीटर आहे.

दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना तराईचे मैदान, चुरे म्हणजेच शिवालिकच्या ठिसूळ टेकड्या, महाभारत पर्वतरांग, मध्यवर्ती डोंगराळ प्रदेश आणि हिमालय असे पट्टे लागतात. सर्वसाधारण व्यवहारात त्यांचे हिमाल, पहाड आणि तराई असे तीन विभाग मानले जातात. हे तिन्ही विभाग पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत. नद्या मात्र त्यांना छेदून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. पूर्वेस कोशी, मध्यभागी गंडकी आणि पश्चिमेस कर्णाली या तीन मोठ्या नदीप्रणाली आहेत. भाषा, वंश आणि वस्तीचे स्वरूप बऱ्याच अंशी पट्ट्यांना अनुसरते, तर पाणी, गाळ आणि डोंगरातून मैदानाकडे होणारी माणसांची ये-जा नद्यांच्या दिशेला अनुसरते. प्रदेशांच्या सीमा पट्ट्यांना धरून आखाव्यात की नद्यांना, हा वाद या वस्तुस्थितीतूनच उद्भवला.

लोकसंख्येची वाटणीही विषम आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या २,९१,६४,५७८ होती. तीपैकी निम्म्याहून अधिक लोक तराईत आणि सुमारे चाळीस टक्के पहाडी विभागात राहत होते. विस्तीर्ण हिमाली विभागात केवळ सहा टक्क्यांच्या आसपास वस्ती होती.

विभागणीचा पूर्वेतिहास :

पंचायत राजवटीत १९६० च्या दशकाच्या आरंभी देशाचे १४ अंचल व ७५ जिल्हे करण्यात आले. १९७२ मध्ये चार विकास क्षेत्रे निर्माण झाली व पुढे त्यांची संख्या पाच झाली. भूगोलतज्ज्ञ हर्क गुरुङ यांच्या प्रादेशिक नियोजनाच्या विचाराचा त्यामागे प्रभाव होता. हिमाल, पहाड आणि तराई यांना उत्तर-दक्षिण मार्गांनी जोडून परस्परपूरक अर्थव्यवस्था उभारावी, अशी ती कल्पना होती. परंतु ही क्षेत्रे नियोजनाची साधने होती. त्यांना निवडून आलेली सभा नव्हती, स्वतःचा महसूल नव्हता. भौगोलिकदृष्ट्या सुसंगत असलेली ही रचना राजकीयदृष्ट्या पोकळ राहिली.

दशकभराच्या सशस्त्र संघर्षानंतर आणि २००७ च्या मधेश आंदोलनानंतर संघराज्याची मागणी अपरिहार्य झाली. २८ मे २००८ रोजी राजेशाही संपुष्टात आली. पहिल्या संविधान सभेच्या समितीने २०१० मध्ये १४ प्रदेशांचा आराखडा सुचविला, तर उच्चस्तरीय राज्य पुनर्रचना आयोगाच्या बहुमताने २०१२ मध्ये ११ प्रदेशांची शिफारस केली. जनजाती आणि मधेशी समूहांच्या ओळखीला अनुसरून प्रदेश व्हावेत की आर्थिक सामर्थ्य पाहून, यावर एकमत न झाल्याने २०१२ मध्ये ती सभा संविधान न देताच विसर्जित झाली.

एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर दुसऱ्या संविधान सभेतील प्रमुख पक्षांनी तडजोड वेगाने केली. जूनमध्ये आठ, ऑगस्टच्या आरंभी सहा आणि त्याच महिन्यात सात अशी प्रदेशांची संख्या बदलत गेली. सहा प्रदेशांच्या आराखड्याविरुद्ध सुर्खेत, जुम्ला आदी भागांत उग्र आंदोलन झाल्यावर कर्णालीचा वेगळा प्रदेश मान्य करण्यात आला. तराईत मात्र असंतोष वाढला. पूर्वेकडील झापा, मोरङ व सुनसरी हे जिल्हे पहाडी जिल्ह्यांसह एका प्रदेशात गेले; पश्चिमेकडील थारूबहुल कैलाली व कंचनपूर दुसऱ्या पहाडी प्रदेशाशी जोडले गेले. कैलालीतील टीकापूर येथे ऑगस्ट २०१५ मध्ये झालेल्या हिंसाचारात पोलीस कर्मचाऱ्यांसह एका बालकाचाही बळी गेला. सीमारेषांचा प्रश्न हा केवळ प्रशासकीय सोयीचा नव्हता, हे या घटनांवरून स्पष्ट होते.

या आखणीत काही ठिकाणी जिल्हेही दुभंगले. नवलपरासी जिल्हा गंडकी व लुंबिनी या प्रदेशांत, तर रुकुम जिल्हा कर्णाली व लुंबिनी या प्रदेशांत विभागला गेला. त्यामुळे जिल्ह्यांची संख्या ७५ वरून ७७ झाली.

सात प्रदेशांचे स्वरूप :

प्रदेशांची राजधानी, जिल्ह्यांची संख्या, २०२१ ची लोकसंख्या आणि प्रदेश सभेतील सदस्यसंख्या पुढीलप्रमाणे आहे.

१) कोशी : विराटनगर, १४ जिल्हे, ४९,६१,४१२, ९३ सदस्य.
२) मधेश : जनकपूर, ८ जिल्हे, ६१,१४,६००, १०७ सदस्य.
३) बागमती : हेटौडा, १३ जिल्हे, ६१,१६,८६६, ११० सदस्य.
४) गंडकी : पोखरा, ११ जिल्हे, २४,६६,४२७, ६० सदस्य.
५) लुंबिनी : दाङ जिल्ह्यातील देउखुरी, १२ जिल्हे, ५१,२२,०७८, ८७ सदस्य.
६) कर्णाली : सुर्खेतमधील वीरेंद्रनगर, १० जिल्हे, १६,८८,४१२, ४० सदस्य.
७) सुदूरपश्चिम : कैलालीतील गोदावरी, ९ जिल्हे, २६,९४,७८३, ५३ सदस्य.

या आकड्यांतील सर्वांत बोलका विरोधाभास मधेश आणि कर्णाली यांच्यात आढळतो. मधेश प्रदेशाचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या सात टक्क्यांहूनही कमी आहे; परंतु तेथे देशातील एकवीस टक्के लोक राहतात. दर चौरस किलोमीटरला सहाशेहून अधिक माणसांची ही घनता आहे. कर्णाली हा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा प्रदेश असून देशाचा सुमारे पाचवा हिस्सा व्यापतो. मात्र त्यात देशातील सहा टक्क्यांहूनही कमी लोकसंख्या आहे. तेथील घनता साठाच्या आसपास आहे. एका प्रदेशात जमिनीवर माणसांचा भार आहे, तर दुसऱ्यात माणसापर्यंत पोहोचण्याचा खर्च अधिक आहे. शाळा, दवाखाना व रस्ता यांचा दरडोई खर्च दोन्हीकडे सारखा असू शकत नाही.

बागमती आणि मधेश यांची लोकसंख्या जवळजवळ समान आहे. दोहोंतील फरक केवळ २,२६६ इतका आहे. परंतु काठमांडू खोरे बागमती प्रदेशात असल्याने देशातील प्रमुख कार्यालये, उद्योग व सेवा तेथे एकवटल्या आहेत. समान लोकसंख्येमुळे समान आर्थिक सामर्थ्य येत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

प्रदेशांच्या नावांचा प्रश्नही दीर्घकाळ चालला. प्रारंभी त्यांना केवळ क्रमांक होते. नाव व राजधानी ठरविण्यासाठी प्रदेश सभेत दोन तृतीयांश बहुमत आवश्यक असल्याने २०१८ मध्ये सुरू झालेली ही प्रक्रिया मार्च २०२३ मध्ये ‘कोशी’ हे नाव स्वीकारल्यावर पूर्ण झाली. सातांपैकी कोशी, बागमती, गंडकी आणि कर्णाली ही चार नावे नद्यांची आहेत. वांशिक ओळखीच्या नावांवरील मतभेद टाळण्यास नदीचे नाव सोयीचे ठरले; तरीही कोशी या नावाविरुद्ध किरात व लिंबू समाजातील संघटनांनी आंदोलन केले. मधेश हे एकच नाव थेट तेथील समाजाच्या ओळखीशी निगडित आहे.

शासनाची चौकट :

प्रत्येक प्रदेशात एकसदनी प्रदेश सभा असते. सर्व प्रदेश सभांची एकूण सदस्यसंख्या ५५० असून त्यांतील साठ टक्के सदस्य मतदारसंघांतून आणि चाळीस टक्के समानुपातिक पद्धतीने निवडले जातात. राष्ट्रपती प्रदेश प्रमुखाची नेमणूक करतात. हे पद भारतातील राज्यपालाच्या पदासारखे आहे. मुख्यमंत्री व मंत्रिमंडळ प्रदेश सभेला उत्तरदायी असतात. प्रदेश सभेच्या पहिल्या निवडणुका नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मध्ये आणि दुसऱ्या २० नोव्हेंबर २०२२ रोजी झाल्या.

समानुपातिक पद्धतीमुळे एका पक्षास बहुमत मिळणे कठीण होते आणि आघाडी सरकारे वारंवार बदलतात. कोशी प्रदेशात २०२३ मध्ये बहुमताच्या गणनेत सभामुखाचा पाठिंबा धरता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने तशी गणना अमान्य करून मुख्यमंत्र्यांची नियुक्ती रद्द ठरविली.

अधिकारांची विभागणी संविधानाच्या अनुसूचींत आहे. पाचवी अनुसूची संघाची, सहावी प्रदेशांची, सातवी संघ व प्रदेश यांची सामाईक, आठवी स्थानिक पातळीची आणि नववी तिन्ही पातळ्यांची सामाईक आहे. शेषाधिकार संघाकडे आहेत. सामाईक विषयांत प्रदेशाचा कायदा संघीय कायद्याशी विसंगत असल्यास तेवढ्यापुरता निष्प्रभ ठरतो.

नेपाळच्या रचनेचे वैशिष्ट्य म्हणजे स्थानिक पातळीला संविधानानेच दिलेले स्वतंत्र स्थान. ६ महानगरपालिका, ११ उपमहानगरपालिका, २७६ नगरपालिका आणि ४६० गावपालिका मिळून ७५३ स्थानिक शासने आहेत. भारतात पंचायती व नगरपालिका राज्यांच्या कायद्यांनी चालतात. नेपाळमध्ये त्यांचे अधिकार थेट संविधानाच्या आठव्या अनुसूचीतून येतात. परिणामी प्रदेशाच्या वर संघ आणि खाली स्वतंत्र अधिकार असलेल्या पालिका, अशी स्थिती निर्माण झाली आहे. नागरिकाचा दैनंदिन संबंध पालिकेशी येतो, मोठे निर्णय काठमांडूत होतात आणि मधला स्तर अनेकदा दृष्टीआड राहतो.

संघाच्या पातळीवर प्रदेशांचे प्रतिनिधित्व राष्ट्रीय सभेत होते. तिच्या ५९ सदस्यांपैकी ५६ सदस्य प्रत्येक प्रदेशातून आठ याप्रमाणे निवडले जातात. भारतातील राज्यसभेत राज्यांना असमान जागा आहेत. नेपाळमध्ये सतरा लक्षांहून कमी लोकसंख्येचा कर्णाली आणि एकसष्ट लक्षांचा बागमती यांचे प्रतिनिधित्व सारखे आहे. सीमाबदलाबाबतही फरक आहे. भारतात संसद संबंधित राज्याचे मत मागवून साध्या कायद्याने राज्याची सीमा बदलू शकते. नेपाळमध्ये त्यासाठी संविधान दुरुस्ती लागते आणि ते विधेयक प्रदेश सभांकडे संमतीसाठी पाठवावे लागते. कागदोपत्री पाहता नेपाळमधील प्रदेशांची सीमा भारतीय राज्यांच्या सीमेपेक्षा अधिक सुरक्षित आहे.

अधिकार आणि साधने :

सीमा सुरक्षित असली, तरी तिच्या आत शासन चालविण्याची साधने प्रदेशांकडे अपुरी आहेत. याची तीन उदाहरणे देता येतील.

पहिले उदाहरण पोलीस प्रशासनाचे. सहाव्या अनुसूचीतील पहिलाच विषय प्रदेश पोलीस व शांतता-सुव्यवस्था हा आहे. पोलिसांच्या समायोजनासंबंधीचे कायदे २०२० मध्ये झाले. परंतु २०२५ पर्यंत पोलीस दलाचे प्रदेशांकडे प्रत्यक्ष हस्तांतरण झालेले नव्हते. जिल्ह्यातील शांतता-सुव्यवस्थेची जबाबदारी संघीय गृह मंत्रालयाच्या अधीन असलेल्या प्रमुख जिल्हा अधिकाऱ्याकडेच राहिली.

दुसरे उदाहरण कर्मचाऱ्यांचे. प्रदेशांच्या नागरी सेवेला आधारभूत ठरणारा संघीय नागरी सेवा कायदा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लोकप्रतिनिधी सभा विसर्जित होईपर्यंत संमत झाला नव्हता. प्रदेशाच्या प्रशासनाचे प्रमुख असलेल्या प्रमुख सचिवाची नेमणूक संघाकडून होत राहिली. ज्याची बदली व बढती काठमांडूत ठरते, तो अधिकारी स्वाभाविकपणे काठमांडूकडे पाहतो.

तिसरे उदाहरण महसुलाचे. मूल्यवर्धित कर आणि देशांतर्गत अबकारी यांच्या उत्पन्नातील सत्तर टक्के संघाला, पंधरा टक्के सर्व प्रदेशांना आणि पंधरा टक्के सर्व पालिकांना मिळतात. नैसर्गिक साधनांच्या स्वामित्वशुल्कातील निम्मा वाटा संघाचा असून उर्वरित निम्मा प्रदेश व पालिका यांत समान वाटला जातो. वाहन कर, कृषी उत्पन्नावरील कर यांसारखी प्रदेशांची स्वतःची साधने मर्यादित आहेत. त्यामुळे समानीकरण, सशर्त, समपूरक आणि विशेष या चार प्रकारच्या संघीय अनुदानांवर त्यांचे अंदाजपत्रक अवलंबून असते. यांपैकी समानीकरण अनुदान प्रदेश आपल्या विवेकाने खर्च करू शकतो, तर सशर्त अनुदानाचा विनियोग संघाने ठरवून दिलेल्या कामांवरच करावा लागतो. सशर्त अनुदानाचे प्रमाण वाढले की प्रदेश हा संघाच्या योजना राबविणारी यंत्रणा बनतो.

नदी, चुरे आणि सीमा :

भूगोल व शासन यांतील विसंगती सर्वाधिक तीव्रतेने जाणवते ती मधेश प्रदेशात. सप्तरीपासून पर्सापर्यंतचे त्याचे आठही जिल्हे तराईतील आहेत. कमला, बागमती आदी नद्या उत्तरेकडील सिंधुली, मकवानपूर या जिल्ह्यांतून येतात. हे जिल्हे बागमती प्रदेशात आहेत. ईशान्येकडील उदयपूर जिल्हा कोशी प्रदेशात आहे. चुरे टेकड्यांचा मोठा भाग याच जिल्ह्यांत मोडतो.

चुरेचे खडक ठिसूळ असतात. तेथील जंगल तुटले व नदीपात्रातून दगड, खडी आणि वाळू उपसली गेली, की पावसाळ्यात गाळ खाली वाहून येतो, मैदानातील पात्रे उथळ होतात आणि पुराचे पाणी शेतात पसरते. उन्हाळ्यात याच्या उलट घडते. टेकड्यांच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी कमी झाल्याने मैदानातील हातपंप आटतात. उपशाचा महसूल वरच्या भागातील पालिका व प्रदेश यांना मिळतो. पूर आणि टंचाई खालच्या प्रदेशाच्या वाट्याला येते. जुलै २०२५ मध्ये पाऊस लांबल्याने मधेश प्रदेशात भातलावणी रखडली, पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली आणि संघीय शासनाला हा प्रदेश आपत्तिग्रस्त घोषित करावा लागला. पाऊस न पडणे कोणत्याही शासनाच्या हाती नसते. परंतु भूजल टिकविण्यासाठी चुरेचे जे रक्षण करावयाचे, तेही मधेशच्या शासनाच्या अधिकारकक्षेबाहेर राहते.

कर्णालीची अडचण वेगळी आहे. त्याच्या वाट्याला तराईचे मैदान आलेले नाही. सुर्खेतहून मैदानाकडे येणारा मुख्य मार्ग लुंबिनी प्रदेशातील कोहलपूर व नेपाळगंज येथे उतरतो. अन्नधान्य व औषधे बहुतांशी याच मार्गाने वर जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाजरकोट व पश्चिम रुकुम या जिल्ह्यांत भूकंपाने दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा गंभीर जखमींना सुर्खेत व नेपाळगंजपर्यंत न्यावे लागले. कर्णालीच्या माणसाचा जीव वाचविण्यात शेजारच्या प्रदेशातील रस्ता व रुग्णालय यांचा वाटा असतो.

अशा आंतरप्रदेशीय प्रश्नांसाठी संविधानात पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली आंतरप्रदेश परिषदेची तरतूद असून संघाचे गृह व अर्थमंत्री आणि सर्व मुख्यमंत्री तिचे सदस्य असतात. परंतु परिषद केव्हा भरावी याचा पुढाकार संघाकडेच आहे. राजकीय वाद मिटविणे हा तिचा हेतू आहे. नदीखोऱ्याचे नित्याचे व्यवस्थापन तिच्याकडून होऊ शकत नाही. त्यासाठी वरच्या व खालच्या प्रदेशांना आणि पालिकांना एकत्र बसविणारी, महसूल व नुकसान यांचा एकत्रित हिशेब मांडणारी कायम यंत्रणा हवी.

समारोप :

प्रदेशांचा स्तर खर्चिक व अनावश्यक आहे, असा विचार नेपाळमध्ये वाढत गेलेला दिसतो. २०२२ च्या निवडणुकीत राष्ट्रीय स्वतंत्र पक्षाने प्रदेश सभांसाठी उमेदवारच उभे केले नाहीत. राष्ट्रीय जनमोर्चासारख्या पक्षाचा संघीयतेला मुळापासूनच विरोध राहिला आहे. या टीकेत तथ्यांश आहे. मंत्रिमंडळांची वारंवार होणारी फेररचना आणि नागरिकांना न जाणवणारे काम यांमुळे प्रदेशांची प्रतिष्ठा घटली. परंतु ज्या शासनाला पोलीस, कर्मचारी आणि पुरेसा महसूल मिळालाच नाही, त्याच्या कार्यक्षमतेवरून त्या स्तराची आवश्यकता ठरविणे तर्कसंगत ठरत नाही.

या स्तराचे एक महत्त्व २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दिसून आले. तरुणांच्या आंदोलनानंतर संघीय सरकार कोसळले, १२ सप्टेंबर रोजी लोकप्रतिनिधी सभा विसर्जित झाली आणि नव्या निवडणुकीसाठी ५ मार्च २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. त्या काळात प्रदेश सभा मात्र कायम राहिल्या. केंद्रातील लोकनियुक्त सभागृह नसतानाही प्रदेश व पालिका या दोन पातळ्यांवर निवडून आलेले प्रतिनिधी पदावर होते. केंद्रीभूत राज्यात हे शक्य झाले नसते.

१९७२ च्या विकास क्षेत्रांत भौगोलिक सुसंगती होती. लोकांचा कौल नव्हता. २०१५ च्या प्रदेशांना लोकांचा कौल मिळाला. परंतु नद्या, रस्ते आणि महसूल त्यांच्या सीमांत मावले नाहीत. सीमा पुन्हा आखल्याने ही उणीव भरून निघणार नाही, कारण डोंगर आणि मैदान यांचे परस्परावलंबन कोणत्याही आखणीत कायम राहणार आहे. संविधानाने दिलेले अधिकार साधनांसह प्रदेशांच्या हाती सोपविणे आणि सीमा ओलांडणाऱ्या पाण्यासाठी व दळणवळणासाठी त्यांना परस्परांशी बांधणारी व्यवस्था उभारणे, या दोन गोष्टींवर नेपाळच्या प्रदेशांचे भवितव्य अवलंबून आहे. सिंधुलीतील टेकडी आणि धनुषातील हातपंप यांचा संबंध शासनव्यवस्थेत मान्य होईल, तेव्हाच हे प्रदेश तेथील सामान्य माणसाला उपयोगाचे वाटतील.